खेळाडू कॉलेज निवडतो तेव्हा नेमकं काय निवडतो?

आजचा एपिसोड एका फोनमुळे झालाय, म्हणून आधी त्या फोनबद्दल सांगतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण मूळचा बल्लारपूरचा. माझा मामा गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीकडे राहतो. त्याचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, यंदा दहावी पास झाला. कबड्डी खेळतो. रेडर आहे आणि खरंच चांगला आहे, घरचा म्हणून सांगत नाही. त्याचा फोन आला, "दादा, दोन ठिकाणी होऊन राहिलं. कुठं जाऊ?"

एक ठिकाण म्हणजे बाहेरच्या शहरातलं क्रीडा वसतिगृह. राहणं, जेवण, कोच, मॅट, सगळं फुकट. अकरावी-बारावी जवळच्याच एका कॉलेजात नावापुरती. तिथल्या माणसाने सरळ सांगितलं, "वर्गात बसायची गरज नाही, आम्ही बघून घेऊ." दुसरं ठिकाण म्हणजे चंद्रपूरचं एक साधं ज्युनियर कॉलेज. सायन्स, नियमित वर्ग, संध्याकाळी मैदान. पण मॅट नाही, मातीच.

मामाचं मत ठरलेलं, "पोट्ट्याले वर्दी भेटली म्हणजे झालं बाप्पा. सर्टिफिकेट पाहिजे फक्त. शाळा काय, कुठंबी होते."

मी पोराला म्हटलं, दोन दिवस दे. आणि मग मी वाचत बसलो. खेळाडूने शाळा किंवा कॉलेज निवडताना अभ्यासाला किती वजन द्यायचं, हा प्रश्न आपल्याकडे आणि जगात कसा कसा सोडवला गेला? त्यातून जे सापडलं, तो आजचा एपिसोड.

प्राचार्यांचं घर

सुरुवात कोल्हापुरातून करू. खाशाबा जाधव सगळ्यांना माहीत आहेत. जन्म १९२६, कराडजवळचं गोळेश्वर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

पण खाशाबा कॉलेजचे विद्यार्थी होते, हे आपण विसरतो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. तिथे त्यांची अंगकाठी बघून क्रीडा शिक्षकाने त्यांना कुस्तीत उतरवायला नकार दिला होता आणि प्राचार्यांकडे गेल्यावर परवानगी मिळाली, असं सांगतात. १९४८ ला ते लंडनला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. तिथे त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ ला पुन्हा पैशांची अडचण. तेव्हा त्याच कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. १९५२ चे ७००० रुपये म्हणजे आज किती, याचा अंदाज तुम्हीच करा.

आपण ही गोष्ट 'त्याग' म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. मला त्यात दुसरंही काहीतरी दिसलं. कॉलेजच्या प्रमुखाला तो मुलगा आपला विद्यार्थी वाटत होता. कॉलेजसाठी ढाल जिंकून आणणारा पाहुणा नव्हता तो. खाशाबा पुढे १९५५ ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले आणि असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले. सरकारकडून त्यांना जिवंतपणी जो मान मिळायला हवा होता तो मिळाला नाही. अर्जुन पुरस्कारसुद्धा मरणोत्तर. पदकाने त्यांचं घर चाललं नाही. घर नोकरीने चाललं.

तीन रुपये आणि बारावा माणूस

आता मुंबई. अजित वाडेकर. १९७१ ला वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्ही ठिकाणी मालिका जिंकणारे कॅप्टन. पण ते एल्फिन्स्टन कॉलेजात गेले ते क्रिकेटसाठी नाही. गणित चांगलं होतं आणि इंजिनियर व्हायचं होतं. कॉलेजला जाताना बसमध्ये सीनियर बाळू गुप्ते भेटायचे. टीमला बारावा खेळाडू हवा होता. गुप्त्यांनी विचारलं, येतोस का? दिवसाचे तीन रुपये मिळतील. वाडेकर गेले.

बघा, इथे क्रम उलटा आहे. अभ्यासासाठी कॉलेज निवडलं आणि क्रिकेट तिथे येऊन भेटलं. पुढे स्टेट बँकेत नोकरी. त्या काळात बँका खेळाडूंना नोकरी द्यायच्या, आणि ती खेळ संपल्यावरही टिकायची. क्रिकेटमध्ये तेव्हा पैसा नव्हताच, त्यामुळे 'खेळानंतर काय' हा प्रश्न खेळता खेळताच सोडवावा लागायचा.

मग काळ बदलला. मुंबईत हॅरिस शिल्ड आणि जाइल्स शिल्ड या शंभर वर्षांहून जुन्या शालेय स्पर्धा आहेत. त्यांच्यासाठी शाळा बदलणं ही नेहमीची गोष्ट झाली. सर्वात प्रसिद्ध उदाहरण सचिन तेंडुलकर. वांद्र्याच्या शाळेतून दादरच्या शारदाश्रमात, कारण आचरेकर सरांनी सुचवलं. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमकडून सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. ती शाळा निवडताना गणिताचे सर कोण, हे बघितलं गेलं नव्हतं. आणि ते बरोबरच ठरलं, सचिनसाठी.

रोहित शर्माचंही तसंच. १९९९ च्या सुमारास बोरिवलीत कोच दिनेश लाड यांनी त्याला एका मॅचमध्ये बघितलं आणि आपल्या शाळेत, स्वामी विवेकानंदमध्ये यायला सांगितलं. फी महिना २७५ रुपये, आणि घरच्यांना ती झेपणारी नव्हती. लाड सरांनी शाळेशी बोलून फी माफ करून घेतली. क्रिकेटमुळे शाळेचं दार उघडलं.

अडचण एवढीच आहे की आपल्याला सचिन आणि रोहित दिसतात. त्याच मैदानावर, त्याच वर्षी, त्याच कारणासाठी शाळा बदललेली बाकीची मुलं कुठे गेली, ते कोणी मोजत नाही.

ज्यांनी मोजायला सुरुवात केली

म्हणून थोडं अमेरिकेत जाऊ. हा प्रश्न सगळ्यात जास्त तिथेच चघळला गेलाय.

तिथे कॉलेजचा फुटबॉल, म्हणजे तो अंडाकृती बॉलवाला अमेरिकन फुटबॉल, हा प्रचंड मोठा धंदा आहे. पहिली आंतर-कॉलेज मॅच ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाली. १९२९ मध्येच कार्नेगी फाउंडेशनने शंभराहून जास्त कॉलेजांचा अभ्यास करून रिपोर्ट काढला, की खेळाडू पोरांना ओढून आणण्यासाठी कॉलेजं लपूनछपून पैसे देतात. १९५६ पासून खेळाची स्कॉलरशिप उघडपणे मान्य झाली. म्हणजे बारावीतला एखादा धिप्पाड पोरगा, त्याच्या घरी मोठमोठ्या विद्यापीठांचे कोच येणार, आईशी गप्पा मारणार आणि म्हणणार, "तुमचा मुलगा आमच्याकडे द्या, त्याला डिग्री मिळेल."

डिग्री! कोच आईला पहिलं आश्वासन डिग्रीचं देतो. कारण आईला माहीत असतं की फुटबॉल किती दिवस चालणार. एनसीएए ही तिथली कॉलेज खेळांची संघटना. तिचाच अंदाज आहे की कॉलेज फुटबॉल खेळणाऱ्यांपैकी व्यावसायिक लीगमध्ये पोचणारे शंभरात दोनही नसतात.

मग त्या आश्वासनाचं काय होतं? १९८० च्या दशकात फार वाद झाला. खेळाडू चार वर्षं खेळून बाहेर पडत आणि हातात डिग्री नसे. १९८३ मध्ये एनसीएएने 'प्रपोझिशन ४८' हा नियम मंजूर केला आणि १९८६ पासून लागू केला. पहिल्या वर्षी खेळायचं असेल तर शाळेच्या मुख्य विषयांत किमान सरासरी आणि एसएटी परीक्षेत किमान ७०० गुण हवेत. ऐकायला छान. पण याचा फटका बसला गरीब शाळांतून येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना. नियम आणखी कडक करायचं ठरलं तेव्हा, जानेवारी १९८९ मध्ये, जॉर्जटाउनचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्प्सन मॅच सुरू होताना निषेध म्हणून कोर्टवरून निघून गेले. त्यांचं म्हणणं असं, की वाईट शाळेची शिक्षा मुलाला का? हा प्रश्न भामरागडच्या पोराला लावून बघा. तसाच्या तसा बसतो.

पण १९९० मध्ये तिथे एक कायदा झाला, तो मला फार आवडला. खेळाची स्कॉलरशिप देणाऱ्या कॉलेजने आपल्या खेळाडूंपैकी किती जण डिग्री पूर्ण करतात, हा आकडा येणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना द्यायचाच. एक आकडा. बस्स. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो ना, जे मोजता येतं ते सुधारता येतं. इथे मोजून थेट गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचं.

लबाडी थांबली का? नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं काही वर्ग फक्त कागदावर चालत होते. ना लेक्चर, ना प्राध्यापक, शेवटी एक पेपर द्यायचा आणि भरघोस ग्रेड. २०१४ च्या चौकशी अहवालाप्रमाणे ३१०० हून जास्त विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. "वर्गात बसायची गरज नाही, आम्ही बघून घेऊ." हे वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल.

दुसऱ्या बाजूला मायरन रोल हे नाव आहे. देशातल्या अव्वल शालेय खेळाडूंपैकी एक. फ्लोरिडा स्टेट निवडलं आणि अडीच वर्षांत डिग्री संपवली. नोव्हेंबर २००८ मध्ये ऱ्होड्स स्कॉलरशिपचा इंटरव्ह्यू आणि मॅच एकाच दिवशी आली. त्याने आधी इंटरव्ह्यू दिला, मग विमानाने मॅचला गेला आणि उशिरा मैदानात उतरला. स्कॉलरशिप मिळाली, ऑक्सफर्डला एक वर्ष शिकला. २०१० मध्ये व्यावसायिक लीगमध्ये निवड झाली, पण मुख्य हंगामात एकही मॅच खेळायला मिळाली नाही. आज तो न्यूरोसर्जन आहे. ज्या कॉलेजने त्याला मॅचला उशिरा येऊ दिलं, ते कॉलेज त्याने बरोबर निवडलं होतं.

आपल्याकडचं चलन: सर्टिफिकेट

आता परत आपल्या जंगलाकडे.

विदर्भात खेळाडू पोराने कुठे शिकायला जायचं, याचं जुनं उत्तर म्हणजे अमरावती. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या मुलांनी तिथे जाऊन कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखवले होते. या संस्थेने शारीरिक शिक्षण हाच शिकण्याचा विषय केला. खेळाडू तिथून शिक्षक होऊन बाहेर पडला. विदर्भातल्या कितीतरी शाळांचे पीटीचे सर तिथूनच आलेत. आज त्याच मंडळाचं इंजिनियरिंग कॉलेजही आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत मात्र फार काळ निवडायलाच काही नव्हतं. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये. गोंडवाना विद्यापीठ आलं २०११ मध्ये, तोवर आपली कॉलेजं नागपूर विद्यापीठात. भामरागडहून गडचिरोलीला यायचं तरी पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. आश्रमशाळेतल्या पोराने शाळा 'निवडली' असं म्हणताच येत नाही. जी होती तिच्यात तो गेला.

अशा ठिकाणी अभ्यास आणि खेळ यांना जोडणारी एकच गोष्ट घट्ट रुजली, ती म्हणजे सर्टिफिकेट. दहावी-बारावीला खेळाच्या पातळीप्रमाणे जास्तीत जास्त २५ वाढीव गुण. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण. गडचिरोलीत पोलीस भरती म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी बघितली की समजतं. त्यामुळे मामा चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या अनुभवात सर्टिफिकेटने नोकरी मिळते आणि नोकरीने घर उभं राहतं. खाशाबांचंही तसंच झालं नव्हतं का?

पण चलन म्हटलं की खोटी नोटही येते. गेल्या काही वर्षांत राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाली. ज्यांनी कधी ट्रॅम्पोलीनवर उडी मारली नाही, त्यांच्याकडे ट्रॅम्पोलीनची सर्टिफिकेटं. आता पडताळणी कडक झालीय, आणि त्या कडकपणात खरा खेळाडूही महिनोन्महिने कागद घेऊन फिरतो.

इथे मला माझंही एक सांगायचंय. मी शाळेत हँडबॉलच्या टीममध्ये होतो. खरं सांगू? मी बदली खेळाडू. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, सगळीकडे बेंचवर. आमचा एक मित्र होता, त्याच्या जोरावर टीम राज्यापर्यंत गेली. दहावीच्या वर्षी कॅम्प आणि स्पर्धा धरून तो दोन-अडीच महिने वर्गात नव्हता. परत आला तेव्हा गणित कुठल्या कुठे गेलेलं. त्याला कोणी थांबवून शिकवलं नाही. निकाल लागला. वाढीव गुण मलाही मिळाले, मला हव्या त्या कॉलेजात अकरावी मिळाली आणि पुढे बीटेकपर्यंत गाडी गेली. त्याचं गणित गेलं, इंग्रजीही गेलं, सवलतीने भरून निघेल एवढं थोडक्यात नाही. आज तो कोळशाचा टिप्पर चालवतो. भेटला की अजूनही मला "काय बे बेंचवाल्या" म्हणूनच हाक मारतो. मी हसतो, पण ती हाक मला लागते.

ज्याच्यामुळे सर्टिफिकेट मिळालं, त्याच्याच ते कामी आलं नाही. कारण सर्टिफिकेटचे गुण मार्कशीटमध्येच मिळवायचे असतात. मार्कशीटच कोरी असेल तर मिळवणार कशात?

एव्हरेस्टवरून खाली आल्यावर

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या आश्रमशाळांतल्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केला. मिशन शौर्य. जिवती, देवाडा, बोर्डा इथल्या शाळांतली मुलं. आधी डोंगर चढायचं रीतसर शिक्षण, मग दार्जिलिंग आणि लडाखला सराव, मग एव्हरेस्ट. मला आठवतं, मी तेव्हा कॉलेजात होतो आणि दिवसभर तोच व्हिडिओ फॉरवर्ड होत होता. आपल्या भागाबद्दल चांगली बातमी देशभर चालली, असं आम्ही क्वचितच बघितलेलं.

त्या मोहिमेने आश्रमशाळेच्या पोरात दम आहे हे दाखवलं. खरं तर ते आम्हाला आधीच माहीत होतं, जगाला दाखवलं. विसापूरला, माझ्या गावाच्या शेजारी, मोठं क्रीडा संकुल झालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा तिथे झाल्या. म्हणजे मैदान आलं, ट्रॅक आला. २०१४ पासून प्रो कबड्डी आहे, २०१८ च्या लिलावात खेळाडू कोटीच्या वर गेले. स्वप्नही आलं.

या सगळ्यात वर्ग कुठे आहे? कॅम्पहून परत आलेल्या पोराचं बुडालेलं गणित कोण शिकवतं? एव्हरेस्ट चढणाऱ्याला खाली उतरायचंही शिकवतात, कारण तेही तेवढंच अवघड असतं. खेळाडूच्या आयुष्यात खाली उतरणं पंचविशी-तिशीत येतं, कधीकधी गुडघ्यामुळे अठराव्या वर्षीच.

मी त्याला काय सांगितलं

दोन दिवसांनी फोन केला. "मॅट सोड" असं मी म्हटलं नाही. मॅटशिवाय रेडर पुढे जात नाही, हे मलाही कळतं. "मॅटवरच जा" असंही म्हटलं नाही. म्हटलं, दोन्हीकडे फोन लाव आणि तीन प्रश्न विचार. एक, मागच्या वर्षी तुमच्याकडचे किती खेळाडू बारावीला बसले आणि किती पास झाले? दोन, स्पर्धेमुळे महिनाभर वर्ग बुडाला तर तो भरून कोण काढतं, त्या सरांचं नाव काय? तीन, दुखापत झाली आणि मी खेळू शकलो नाही, तर माझी राहायची सोय राहते की जाते?

अमेरिकेत पहिल्या प्रश्नासाठी कायदा लागला. आपल्याकडे निदान फोन तरी लावता येतो.

संध्याकाळी त्याचा फोन आला. वसतिगृहवाल्यांना पहिलाच प्रश्न विचारला तर समोरचा माणूस आधी हसला, मग म्हणाला, "असं कोणी विचारत नाही रे." आणि आकडा काही सांगितला नाही. तिसऱ्यावर म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा पाहू."

चंद्रपूरच्या कॉलेजात फोन शारीरिक शिक्षणाच्या सरांनी उचलला. आकडा त्यांनाही पाठ नव्हता. पण म्हणाले, "उद्या रजिस्टर पाहून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं. नऊ खेळाडू बसले, सहा पास. तीन नापास झाले तेही सांगितलं, आणि त्यातले दोघं ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी मैदानानंतर गणिताच्या सरांकडे बसत होते, तेही.

मामा अजून नाराज आहे. म्हणतो, फुकटचं जेवण सोडून पोट्टा कुठं चालला. चूक नाही त्याची, वसतिगृहाचे दोन वर्षांचे पैसे वाचले असते. ते मी भरणार आहे. एका बेंचवाल्याचं तेवढं देणं आहे.

पोरगा सोमवारी चंद्रपूरला ॲडमिशन घेतोय. मॅटचं काय करायचं, ते अजून सुटलेलं नाही. चंद्रपुरात सुट्टीच्या दिवशी मॅटवर सराव करू देणारं मंडळ कुणाला माहीत असेल तर खरंच कळवा. आणि तुमच्या घरातही यंदा कुणी खेळाडू दहावी-बारावी झाला असेल, तर ते तीन प्रश्न त्याला पाठवा. फोन त्यालाच लावू द्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.